बाबांच्या हातातली वायर

या सदरात येणारे अनुभव मी बरीच वर्षं वाचतो आहे, आणि खरं सांगायचं तर बहुतेक हसत वाचतो. चिंचेखाली दिसलेली बाई, रस्त्यात लिफ्ट मागणारा म्हातारा, आपोआप उघडणारी दारं... मी शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस. भूतप्रेत, चकवा, करणी यातलं काहीही मी कधी मानलं नाही आणि आजही मानत नाही. त्या काळात माझी श्रद्धा एकाच गोष्टीवर होती, ती म्हणजे स्पीकरची वायर. माझी बायको शोभा अजूनही चारचौघांत सांगते, "यांचा देवावर विश्वास नाही, भुतावर नाही, पण तांब्याच्या तारेवर आहे."

ही हकिकत त्या तारेचीच आहे. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी शोभाच म्हणाली, लिहून टाका, हसणारे हसतील.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा सुमार. आम्ही पुलगावला राहत होतो, स्टेशनच्या मागच्या बाजूला. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे पत्र्याची पडवी. समोरच्या खोलीत माझी सिस्टीम. अॅम्प्लिफायर मी स्वतः जोडलेला — नागपूरला सीताबर्डीवर सुटे भाग मिळायचे, दर सुट्टीत जाऊन थोडे थोडे आणायचो. स्पीकरची खोकी गावातल्या सुताराने केली होती. तो शेवटपर्यंत त्यांना कोंबड्यांची खुराडी समजत होता. रेकॉर्ड प्लेयर तेवढा विकतचा. व्होल्टेजचा भरवसा नाही म्हणून स्टॅबिलायझर, आणि धूळ बसू नये म्हणून सगळ्यावर शोभाच्या जुन्या साडीचं पांघरूण.

आणि त्याच घरात माझे वडील, ज्यांना काहीही ऐकू येत नव्हतं.

बाबांनी सगळी नोकरी गिरणीत केली, विणकाम खात्यात. शेकडो माग एकदम चालू असले की तिथे शेजारच्या माणसाचं ओरडणंही ऐकू येत नाही. तिथले सगळेच कामगार ओठ बघून बोलायला शिकतात. बाबांचे कान तिथेच निम्मे गेले. निवृत्तीनंतर एक मोठा ताप आला आणि उरलेले निम्मेही गेले. वर्ध्याच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, नसच सुकली आहे, यंत्र लावून उपयोग नाही. पण ओठ वाचण्यात बाबा इतके पटाईत की नवख्या माणसाला पत्ताच लागत नसे. आमच्या घरात तर आवाज न काढता बोलायची रीतच पडून गेली होती. आई अंगणातून नुसते ओठ हलवायची आणि बाबा पडवीतून उत्तर द्यायचे, तेही गिरणीतल्या आवाजात, अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल असं. बाबा एकटेच कोणावर एवढे ओरडतात, असं नव्या भाडेकरूंना वाटायचं.

या प्रसंगाच्या आधी दोनेक वर्षं आई गेली. वर्ध्याला दवाखान्यात होती, बरेच दिवस. शेवटच्या दिवशी दुपारी मी औषधं आणायला गेलो होतो, शोभा चहा आणायला. खोलीत फक्त बाबा. आईच्या पायात गोळे यायचे, म्हणून ते पायथ्याशी बसून खाली मान घालून तिचे पाय चेपत होते. सहज वर पाहिलं तर आईचे ओठ मिटत होते. म्हणजे ती काहीतरी बोलली होती आणि बोलून झालं होतं. बाबांनी विचारलं, "काय म्हनतं?" पण तिने डोळे मिटले होते... ते परत उघडले नाहीत.

आयुष्यभर लोकांचे ओठ वाचणाऱ्या माणसाचं नेमकं तेवढं वाचायचं राहून गेलं.

त्यांच्या मनाने घेतलं की तिने पाणी मागितलं. पाणी मागितलं आणि आपण पाय चेपत बसलो. मी कितीदा समजावलं. म्हटलं, बाबा, तिला सलाईन चालू होतं, तहान कशी लागेल. त्यांचं एकच उत्तर, "तू होता का तिथं? तुले काय मालूम?"

तेव्हापासून बाबांना एक वेड लागलं. समोरच्या कोणाचे ओठ हलले आणि शब्द कळला नाही, की ते उठून पाणी आणायचे. पोस्टमन, दूधवाला, शाळेतून माझ्याकडे आलेली पोरं, सगळ्यांना आधी पाणी. नको म्हणणाऱ्याच्याही हातात पाण्याचा गडवा द्यायचे आणि तो पिईपर्यंत समोर उभे राहायचे. लोक हसून प्यायचे. शोभाला मात्र ते बघवत नसे. रात्रीचं जेवण त्यांनी जवळजवळ सोडलं होतं, अंग उतरत चाललं होतं. हा माणूस याच घोरात आपल्या हातून जाणार, ही भीती आम्हा दोघांनाही होती.

अशात शोभाचा भाऊ प्रकाश मस्कतहून सुट्टीवर आला. त्यालाही माझ्यासारखाच सिस्टीमचा नाद. त्याने माझ्यासाठी स्पीकरची वायर आणली. करंगळीएवढी जाड, वरचं आवरण पारदर्शक, आत केसासारख्या बारीक तांब्याच्या तारा. तोवर माझ्याकडे होती ती मांडवात दिवे लावायला वापरतात तसली पीळ घातलेली लाल-हिरवी वायर. प्रकाश म्हणाला, "भाऊजी, ही लावल्या लावल्या मत बनवू नका. आधी नुसती वाजवत ठेवा, दिवसचे दिवस. नवी वायर आखडलेली असते, वाजून वाजून मोकळी होते. मग जुनीशी ताडून पाहा." तांबं वाजून मोकळं कसं होतं, हे विज्ञानाच्या मास्तराने विचारायला हवं होतं की नाही? नाही विचारलं. मान डोलावली.

आता दिवसभर वाजवायची कशी? मी शाळेत. रेकॉर्डची बाजू संपली की कोणीतरी उलटवायला हवी. शिवाय माझा अॅम्प्लिफायर घरगुती, तापला तर लक्ष ठेवायला हवं. शोभाने साफ सांगितलं, तीच ती सतार दिवसभर ऐकली तर मी माहेरी जाईन. आणि मग तीच म्हणाली, "बाबा आहेत ना. त्यांना कुठं त्रास होणार आहे?"

झालं. गाणं राखायला ऐकू न येणारा माणूस बसवला. गल्लीत आमची थट्टा झाली, पण बाबांना काम आवडलं. मी समजावलं — सुई मधल्या कागदापाशी आली की उचलायची, तबकडी उलटी करायची, आणि अधूनमधून वायरीला हात लावून पाहायचं, गरम लागली तर बटण बंद. ते म्हणाले, "अबे, गिरनीत माग चालवले मी. हे तं खेळनं आहे." दुसऱ्या दिवसापासून सकाळी आंघोळ करून, टोपी घालून ते ड्युटीवर बसल्यासारखे स्पीकरशेजारी बसू लागले. वायर धरायचे तीही विणकर धागा धरतो तशी, अंगठा आणि पहिल्या बोटात, हलक्या हाताने. धाग्यातली गाठ न बघता कळावी म्हणून गिरणीत तशी सवय असते. आई गेल्यापासून पहिल्यांदाच ते एका जागी शांत बसलेले दिसले, म्हणून वायर मोकळी झाली तरी वाजवणं थांबवायचं नाही, असं मी मनात ठरवून टाकलं.

काही दिवस असे गेले. एकदा मी शाळेतून आलो, सायकल लावतो आहे तोच बाबा पडवीत येऊन म्हणाले, "तुह्या त्या रेकाटात कोन बिमार आहे?"

मी ओठ हलवले, "बिमार?"

"दुसऱ्या बाजूले. मधातच कोनी तरी खोकलते. दाबून खोकलते बिचारा."

ती सतारीची तबकडी मैफलीत रेकॉर्ड केलेली होती. मी ती शेकडो वेळा ऐकलेली. त्यात खोकला? मी तसाच बुटांसकट आत गेलो, दुसरी बाजू लावली, आवाज वाढवला आणि स्पीकरला कान लावून बसलो. आणि आला! तबल्याच्या एका तुकड्याच्या आड, श्रोत्यांतला कोणीतरी तोंडावर रुमाल धरून खोकल्यासारखा. जुन्या वायरीवर मला हा कधी कळला नव्हता. मी आनंदाने उठलोच. शोभाला हाक मारली, तिला समोर बसवून ऐकवलं, म्हटलं, बघ, वायर मोकळी झाली! बारीकसारीक तपशील दिसायला लागला! प्रकाश म्हणत होता ते खरं निघालं!

शोभा कणकेच्या हातांनी तशीच उभी होती. माझं सगळं बोलून होऊ दिलं आणि मग म्हणाली, "खोकला वायरीमुळे ऐकू आला, मान्य. पण तुम्हाला सांगितलं कोणी?"

खरंच सांगतो, तोपर्यंत माझ्या डोक्यात ते आलंच नव्हतं. वायरीच्या नादात माणूस किती आंधळा होतो पाहा.

मग मी मास्तर झालो. बाबा जमिनीवर बसतात, स्पीकर जमिनीवर आहे, कंपनं फरशीतून जात असतील. म्हणून त्यांना बाजेवर बसवलं, बाजेचे पाय गादीवर ठेवले, आणि म्हटलं वायर धरा. जुनी लावली. ते म्हणाले, "हे नुसतं वायर आहे." नवी लावली. थोडा वेळ काही नाही, मग बोटं किंचित हलली. "आता चालू झालं." काय ऐकू येतं विचारलं, तर त्यांना नीट सांगता येईना. म्हणाले, ऐकू नाई येत, पन आहे. स्पीकरच्या वायरीत कंपनं नसतात, वीज असते, आणि तीही इतकी कमी की आवरणावरून हाताला कळायचं कारणच नाही. मी कान नेऊन लावला, दातात धरून पाहिली, शोभाने दोन्ही केलं. आम्हाला काही नाही. शेवटी मी स्वतःची समजूत घातली की योगायोग असेल, सुई उचलताना त्यांना तबकडीवर काही दिसलं असेल. खोकला तबकडीवर दिसत नाही हे मला कळत होतं, पण समजूत घालायला काहीतरी लागतंच.

पुढच्या रविवारी दुपारी आम्ही वायरीची परीक्षा घ्यायला बसलो. जेवणं झाली होती. मी भिंतीकडे तोंड करून खुर्चीत, शोभा मागे स्पीकरपाशी. तिने जुनी किंवा नवी वायर लावायची, मी न बघता ओळखायची. मी अगदी डोळे मिटून सांगत होतो, "आता बघ, तबला कसा मोकळा झाला," "आता जरा दबलं, ही जुनी." बराच वेळ माझ्याकडून असं वदवून घेतल्यावर शोभा म्हणाली, "मी सुरुवातीपासून बदललीच नाही. नवीच आहे." आणि हसत सुटली. मीही हसलो, काय करणार. बाबांना ओठांवरून थट्टा कळली, तेही गालात हसले, आणि सवयीने त्यांनी गरम झाली का म्हणून वायर हातात घेतली. सतार चालू होती.

मी प्लेयर बंद करायला उठलो.

"बंद नको करू."

मी थबकलो. कारण बाबा हे हळू म्हणाले होते. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो माणूस एक तर ओरडतो नाही तर पुटपुटतो. बाबा नेहमी ओरडत. हे मात्र शेजारी बसलेल्याला सांगावं तसं, बेताच्या आवाजात होतं. इतक्या वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता.

"तुही माय बोलून राह्यली," ते म्हणाले.

शोभाचं हसणं तिथेच थांबलं. मी बाबांच्या समोर गुडघ्यावर बसलो. त्यांचे डोळे उघडे होते, पण ते आमच्याकडे पाहत नव्हते. मान थोडी तिरकी, ऐकणाऱ्या माणसाची. खोलीत मला सतारीशिवाय काही ऐकू येत नव्हतं. मी त्यांच्या गुडघ्याला हात लावला, त्यांनी पाहिल्यावर ओठ हलवले, "काय म्हणते?"

त्यांनी एकेक शब्द सांगितला, लहान मुलाला पाठ म्हणून दाखवावं तसा. "म्हनते... बस करा आता. किती चेपता. हात दुखले असन तुमचे."

आणि मग, "पानी नाई मागत. पानी नाई मागतलं तिनं."

त्यांनी वायर खाली ठेवली, टोपी काढून डोळ्यांना लावली आणि रडले. मी बाबांना आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. शोभा रडली, मीही रडलो. सतार तशीच चालू होती. बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

पण रडतानाही माझं डोकं चालूच होतं. मला वाटलं, ठीक आहे. मनाला जे ऐकायचं होतं ते मनाने ऐकवलं. दोन वर्षं जळणाऱ्या माणसाने स्वतःच स्वतःला मोकळं केलं. याला मी भूत म्हणणार नाही, आणि कारण काहीही असो, झालं ते चांगलंच झालं. मी त्यात समाधानी होतो. हकिकत तिथे संपली असती तर मी हे लिहायला बसलोच नसतो.

बाबांनी डोळे पुसले आणि शोभाकडे वळले. पुन्हा नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं, "सूनबाई, तिचा आवाज काऊन असा झाला होता?"

शोभाने विचारलं, "कसा?"

"घोगरा. बसल्यावानी. पह्यलं तं असा नव्हता तिचा."

शोभाने माझ्याकडे पाहिलं.

आईचा आवाज बारीक आणि खणखणीत होता. बाबांच्या आठवणीत तोच होता, कारण त्यांचे कान गेले त्यानंतर तो त्यांनी ऐकलाच नव्हता. दवाखान्यात मात्र तिच्या घशात नळी घातली होती. ती काढल्यावर तिचा आवाज पार बसला, घोगरा झाला, आणि जाईपर्यंत तसाच राहिला. आई स्वतःच त्यावरून शोभाची थट्टा करायची, म्हणायची, आता तुझ्या सासऱ्यापेक्षा माझा आवाज मर्दाचा. हे मला माहीत होतं, शोभाला माहीत होतं. बाबांना नाही. आम्ही दोघांनी नंतर किती आठवून पाहिलं — कोणीच त्यांना कधी सांगितलेलं नव्हतं. कोणाला सुचलंच नव्हतं. ज्याला ऐकू येत नाही त्याला, तुझ्या बायकोचा आवाज बसला, हे कोण सांगायला जाईल?

शोभाने त्यांच्या समोर तोंड धरून सावकाश सांगितलं, "नळी होती ना बाबा गळ्यात. त्याच्यानं झाला."

बाबांनी मान हलवली. "मले कोनी सांगतलं नाई."

"नाही सांगितलं बाबा. चुकलंच."

"नाई, चुकलं कायचं," ते म्हणाले. "आता ऐकला ना मी."

त्या दिवशी ते दुपारभर झोपले. संध्याकाळी स्वतःहून भाकरी मागितली. दोन-चार दिवसांनी पोस्टमन आला, दारातून काहीतरी बोलला. मी आत टेबलाशी होतो, पाहत होतो. बाबा उठले नाहीत. त्याच्या तोंडाकडे नीट पाहत म्हणाले, "काय म्हनतं बापू? पुन्हा सांग." त्यानंतर बाबा आमच्याजवळ बरीच वर्षं राहिले. अंग पुन्हा भरलं, नातवंडं खेळवली, शेवट शांत झाला.

वायर त्यांनी नंतरही हातात धरली, पण ते म्हणायचे, आता नुसतं वायर आहे. त्याचं त्यांना काही वाईट वाटलं नाही. वाईट मला वाटलं. मी वर्ध्याला त्याच डॉक्टरांकडे त्यांना घेऊन गेलो, बहाणा काढून. कान तसेच होते, पूर्ण बंद. डॉक्टर म्हणाले, मेंदूचे खेळ. म्हटलं, खेळ मान्य, पण घोगरा आवाज मेंदूने आणला कुठून? त्यावर ते हसले आणि त्यांनी पुढचा पेशंट बोलावला. वायरीचा एक तुकडा कापून मी शाळेच्या प्रयोगशाळेत भिंगाखाली धरला. तांबं होतं, दुसरं काही नाही. कोणी म्हणतं, बाबांनी आईचे ओठ तेव्हाच वाचले असतील आणि विसरले असतील. असतील. पण आवाजाचा घोगरेपणा ओठांवर दिसतो का, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. मला स्वतःला याचं उत्तर माहीत नाही आणि आता या वयात ते मिळेल असंही वाटत नाही.

एक गोष्ट शोभाला सोडून कोणाला सांगितली नव्हती. त्याच महिन्यात मी एक दिवस रजा टाकली. शोभा बाबांना घेऊन अल्लीपूरला काकांकडे गेली होती. घरात मी एकटा. सकाळी मी तीच तबकडी लावली, बाबांच्या जागी बसलो आणि त्यांच्यासारखीच वायर अंगठ्यात आणि बोटात धरली. माझे कान चांगले आहेत. घोगरा तर घोगरा, मला आईचा आवाज ऐकायचा होता. सतार झाली, तबला आला, तो माणूस खोकला. बाजू संपली. मी तबकडी उलटवून पुन्हा लावली. दुपारपर्यंत तसाच बसलो होतो.

शोभा परत आल्यावर तिला सांगितलं. ती माझ्याजवळ बसली. म्हणाली, ती बोलली तेव्हा तुम्ही औषधाच्या दुकानात होतात. ते बोलणं तुमच्यासाठी नव्हतंच हो, म्हणून तुम्हाला आलं नाही.

तसंही असेल.